पिऊन सरळ चालणारा माणूस

आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, पडते ती आमची आई. कधी नळावरच्या शेवाळावरून तिचा पाय घसरायचा, कधी मोरीत, कधी स्टुलावर चढून डबा काढताना. एकदा तर गळ्याचं हाड मोडलं. ते बसवलं नीट, पण उजवा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला तो झालाच. मग तिची वेणी मी घालून द्यायला लागले. मंडळीतल्या बायका तिला म्हणायच्या, "बाई, जरा खाली बघून चालत जा." आणि लगेच बाबांचं उदाहरण द्यायच्या. बाबा कधीच पडले नव्हते.

मंडळी म्हणजे सुरतेला लागून असलेल्या उधन्यातली आम्ही मोजकी मराठी ख्रिस्ती घरं. बहुतेक नगरकडची, एखाददुसरं जालन्याचं. आजूबाजूला सगळी खानदेशी वस्ती. चाळीत अहिराणी, रस्त्यावर गुजराती, गिरणीत हिंदी आणि आमच्या घरात नगरी, असा सगळा कारभार. बाबा एका डाइंग हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरवर होते. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं साफ करायचे, की एक साडी झाली. प्लेग येऊन गेल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. शहर एकदम स्वच्छ झालं होतं आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता.

बाबांना अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. ते पिऊन सरळ चालायचे.

हे ज्यांनी सुरतेत दिवस काढले नाहीत त्यांना समजायचं नाही. गुजरातेत दारूबंदी. आमच्याकडे मिळायची ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली, लपूनछपून, आणि तिच्यात काय कालवलंय ते देवालाच ठाऊक. बाबा तिला शिवत नसत. सुटीच्या दिवशी ते सकाळची पॅसेंजर धरून नवापूरला जायचे. तिथं महाराष्ट्र सुरू होतो. तिथं राजरोस बसून प्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. येताना उधना स्टेशनवर हवालदार उभा. गाडीतून उतरणाऱ्यांत जो झोकांडी खाईल त्याला तो बखोटीला धरून बाजूला घ्यायचा. बाकीचे कुणी बडीशेप चघळत, कुणी कांदा खाऊन, कुणी रुमाल तोंडावर धरून त्याच्यासमोरून सटकायचे. बाबा मात्र छाती काढून जायचे. वर "काय साहेब, बरंय ना?" असं विचारायचे.

"पोलीस तोंड बघत नाही, पाय बघतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "दारू पिणाऱ्यात दोन जाती. एक दारू पितो, दुसऱ्याला दारू पिते."

लोक हसायचे. मंडळीतले पुरुषसुद्धा हसायचे, हे मला अजून खटकतं. उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालता घालता कुणीतरी हळूच विषय काढणार आणि बाबा रंगवून सांगणार. कुणाला लोळवलं, कोण गाडीतच आडवा झाला, कुणाला त्यांनी खांद्यावर टाकून हवालदारासमोरून कसं नेलं, "आजारी आहे" म्हणून. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बाबांची वर्गणी वेळेवर, आवाज खणखणीत, वाचन बिनचूक आणि पाय सरळ. मग बोट ठेवायचं कशावर? आमच्या लोकांत पिणं हे पाप होतं की नव्हतं याचा निकाल कधी लागलाच नाही. पिऊन पडणं मात्र नक्की पाप होतं.

आता कडी लागल्यावर काय व्हायचं ते सांगते.

बाबा चाळीत शिरायचे तेव्हा ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाशी बोलत यायचे. दारात चपला जोडीनं लावून ठेवायचे. आत यायचे. आई मागून कडी लावायची. कडी लागली की बाबांचे पाय संपायचे. अगदी त्या क्षणाला. इतका वेळ, इतक्या लोकांसमोर जे काही त्यांनी आवळून धरलेलं असायचं ते एकदम सुटायचं आणि तो एवढा थोरला देह असेल तिथं खाली यायचा. आई त्याच्याखाली उभी असायची. कारण आवाज होऊन चालणार नव्हता. भिंतीपलीकडे शेजारीण होती. आई त्यांना अंगावर झेलायची आणि हळूहळू जमिनीवर घ्यायची. मी पाय धरायची. कधी जमायचं, कधी नाही. गळ्याचं हाड मोडलं त्या वेळी मी कात्री आणि साडी बाजूला ठेवून उठेपर्यंत दोघं खाली आली होती आणि आई खालून म्हणत होती, "ओरडू नकोस, ओरडू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाबांना काही आठवत नसे. "कशी गं पडलीस?" असं ते मनापासून विचारायचे. हात शेकायला पाणी तापवून द्यायचे. आई म्हणायची, "नळावर." त्यांनाही तेच उत्तर द्यायचं तिनं ठरवून टाकलं होतं. मी एकदा चिडून खरं सांगायला गेले, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. माझा राग बाबांवर जेवढा होता तेवढाच तिच्यावरही होता.

शेजारीण धुळ्याकडची. तिला आम्ही सगळेच ताई म्हणायचो. ती नळावर आईला विचारायची, "तू रोज रोज कशी पडस वं माय?" विचारताना तिची नजर आमच्या दाराकडे असायची. आई कळशी उचलायची आणि चालू लागायची.

तर अशा घरात माझं लग्न निघालं.

मुलगा उधन्याच्या पुढच्या सचिन गावात एका प्रोसेसिंग मिलमध्ये होता. आमच्यातलाच, नगरकडचा. वडील नव्हते, घरात तो आणि त्याची आई. दिसायला चांगला, कामाला चोख, बोलणं मऊ. मला बघायला आला तेव्हा त्यानं मला माझं शिक्षण विचारलं आणि धागे कापून डोळे दुखत नाहीत का, असं विचारलं. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता.

पण बाबांची परीक्षा बाकी होती. जावई निवडायची त्यांची एक रीत होती. माझ्या आत्याच्या मुलीच्या वेळीही त्यांनी तीच वापरली होती. मुलाला नवापूरला न्यायचं, पोटभर पाजायची आणि आणताना बघायचं. "माणूस शुद्धीत असताना सगळेच संत," ते म्हणायचे. "पोटात गेल्यावर जो सरळ राहतो तो खरा. असा माणूस बायकोला फसवणार नाही." आणि हे ते इतकं मनापासून म्हणायचे की ऐकणाऱ्याला त्यात तथ्य वाटायचं. हवालदारासमोरून जो निभावला तो संसारातही निभावणार, असा त्यांचा हिशेब होता.

मुलगा आधी नको म्हणाला असं मला नंतर कळलं. तो पीत नव्हता असं नाही, पण होणाऱ्या सासऱ्यासमोर कशाला, म्हणून. बाबांनी त्याला पाठीत धपका घातला आणि गाडीत बसवलं.

त्या दिवशी मी आणि आई दिवसभर एकमेकींशी बोललो नाही. मी एकच प्रार्थना करत होते आणि ती विचित्र होती. देवा, तो पडू दे. उधना स्टेशनवर, हवालदारासमोर, सगळ्यांच्या देखत तोंडावर पडू दे. म्हणजे बाबा त्याला नापास करतील आणि तो माझ्यालेखी पास होईल. जो पडतो तो निदान दुसऱ्या दिवशी लाजतो. जो पडतच नाही त्याचं काय करायचं, हे मी आमच्या घरात बघत होते.

दिवेलागणीला दोघं आले. ओट्यावरून माणसं बघत होती. बाबा पुढं, तो मागं. त्याची चाल ओळंब्यानं आखल्यासारखी होती. त्यानं चपला काढल्या आणि जोडीनं लावल्या. 

"बघ!" बाबा आईला म्हणाले. "माझ्या बरोबरीनं घेतली पठ्ठ्यानं. हवालदाराला रामराम घालून आला. सोनं आहे सोनं!"

दार उघडंच होतं, कारण पाहुणा होता. म्हणून बाबाही अजून उभे होते. आईनं चहा टाकला. मी कप घेऊन गेले. चहा नुकता उतरवलेला, वाफा निघत होत्या, कपाचा कान धरवत नव्हता. मी म्हटलं, "गरम आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला आणि कप तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

बाबा मांडीवर थाप मारून ओरडले, "पोळलंसुद्धा नाही! बघितलंत? पोळलंसुद्धा नाही!"

दारात जमलेली दोन-चार माणसं हसली. मी मात्र त्याच्या ओठांकडे बघत होते. खालच्या ओठाची कातडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडली आणि वर आली. त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो त्या फोडासकट हसत होता. मग तो उठला, सगळ्यांना जय ख्रिस्त म्हणाला आणि सरळ चालत निघून गेला. घरी त्याची आई एकटी होती, एवढंच माझ्या मनात आलं.

कडी लागली. नेहमीचं झालं.

बाबांना अंथरुणावर घेतल्यावर मी आईला म्हटलं, "मला हा मुलगा नको."

आई भिंतीला टेकून बसली होती, खांदा दाबत. "त्यांना सांगायचं कुणी?" ती म्हणाली.

"तू सांग."

"माझं ऐकायची सवयच नाय गं त्यांना."

"मग कुणाचं ऐकतात?"

तिनं उठून दिवा मालवला. आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर बाबांनी पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की शनिवारी आमच्या घरी प्रार्थनासभा ठेवा, मुलाकडची येतील, तिथंच शब्द देऊ. शब्द दिला की आमच्यात तो मोडत नाहीत. मोडलाच तर मंडळीत दोष मुलीवर येतो. म्हणजे माझ्याकडे एक आठवडा होता आणि बोलणारं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात मी दुपारी धागे कापत बसलेली असताना आईला एक वेगळीच गोष्ट करताना बघितलं. ती शास्त्र घेऊन खिडकीत बसायची. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, आमचं पुस्तक जाडजूड, बाबांच्या वडिलांचं. आईला वाचायला शिकवलं ते बाबांनीच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, याच पुस्तकावर. तेव्हा ते पीत नव्हते. रोज कामावरून आल्यावर तिच्या बोटाला धरून एकेक अक्षर दाखवायचे, असं ती सांगायची. ते सांगताना तिचा चेहरा अजून बदलायचा. तेव्हापासून तिची वाचायची पद्धत तीच राहिली होती, अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. ती पानं उलटत होती. काहीतरी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, "तू तुझं काम कर."

प्रार्थनासभेची आमची एक रीत होती. ज्याचं घर, वाचन त्यानं करायचं. आणि काय वाचायचं ते घरच्या बाईनं निवडायचं. कधीपासून आणि का, कुणास ठाऊक, पण तशी रीत होती. आईची निवड ठरलेली, मेंढपाळाचं स्तोत्र. आमच्याकडे सभा असली की लोक मनातल्या मनात तेच म्हणायला सुरुवात करायचे. त्या पानात साडीच्या काठाची एक हिरवी पट्टी खूण म्हणून कायम असायची. शनिवारी सकाळी मी पुस्तक पुसायला घेतलं तर ती पट्टी बरीच पुढं सरकलेली. मी पुस्तक उघडणार तोच आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. 

संध्याकाळी घर भरलं. पुरुष सतरंजीवर, बायका स्वयंपाकाच्या बाजूला दाटीवाटीनं. मुलगा पाळकसाहेबांच्या शेजारी. त्याच्या ओठावर खपली धरली होती. त्याची आई आमच्यात येऊन बसली. बारीक, गप्प बाई. लांब हातांचं पोलकं घातलेलं, एवढ्या उकाड्यात. दार रीतीप्रमाणे उघडं होतं आणि बाहेर ओट्यावर ताई कोथिंबीर निवडत बसली होती. तिला आमच्या गाण्यांचा नाद होता.

गाणं झालं. बाबांनी चष्मा लावला आणि पुस्तक घेतलं. त्या दिवशी त्यांनी घेतलेली नव्हती. शब्द द्यायचा दिवस होता, त्यांना त्याचं भान होतं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. पट्टीपाशी पुस्तक उघडून ते क्षणभर थांबले, कारण पान ओळखीचं नव्हतं. मग आईकडे न बघताच म्हणाले, "यशया. अध्याय पाचवा."

सुरुवात गोड होती. एका माणसाच्या द्राक्षमळ्याचं गाणं. त्यानं जमीन खणली, दगड वेचले, चांगला वेल लावला आणि चांगल्या द्राक्षांची वाट बघितली. नगरकडच्या माणसांना द्राक्षमळा म्हटलं की बरं वाटतं. माना डोलायला लागल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मी आईकडे बघितलं. ती डोळे मिटायला तयार नव्हती.

मळ्याला कडू द्राक्षं लागली आणि मग यशया संदेष्ट्याचे हाय हाय, म्हणजे शापाचे बोल, सुरू झाले. घराला घर जोडत जाणाऱ्यांना हाय हाय. सकाळी उठल्या उठल्या मद्याच्या मागं लागणाऱ्यांना, आणि दिवस मावळला तरी ते ज्यांना सुटत नाही त्यांना हाय हाय. माना डोलायच्या थांबल्या.  मला वाटलं, बाबा आता थांबतील, पुस्तक मिटतील, उठतील, आईला काहीतरी बोलतील. वाईटाला चांगलं म्हणणाऱ्यांना, कडूला गोड म्हणणाऱ्यांना हाय हाय. आणि मग ते आलं. पिण्यात जे शूर, मद्य मिसळण्यात जे पराक्रमी, त्यांना हाय हाय.

बाबा ते वाचून पुढं गेले.

त्याच आवाजात, त्याच वेगानं, कुठंही न अडखळता. मी हे कधी विसरणार नाही. हवालदारासमोरून जसे जायचे तसेच ते त्या ओळीसमोरून गेले, छाती काढून. अध्याय संपला. "आमेन," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. कुणीतरी खोकलं. मला रडू यायला लागलं होतं, रागाचं. एवढ्या दिवसांच्या तिच्या शोधाचं फळ हे? हा माणूस पुस्तकासमोरूनही सरळ चालत गेला होता.

"कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी," पाळकसाहेब म्हणाले. हेही रीतीचं. कुणाचा ताप उतरला, कुणाला नोकरी लागली, ते उठून सांगायचे. त्यानंतर शब्द द्यायचा होता. बाबांनी चष्मा काढून मुलाकडे बघून हसायला सुरुवात केली होती.

आई उठली.

माझ्या जन्मात ती सभेत कधी बोलली नव्हती. उठताना तिनं डाव्या हातानं भिंतीचा आधार घेतला. "साक्ष नंतर देते," ती म्हणाली. "आधी ते परत वाचा."

"काय?" बाबा म्हणाले.

"शूर लोकांचं. मला नीट ऐकू नाय आलं."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, वाचन झालंय आता, आपण..."

"आमच्या घरची रीत हाय, पाळकसाहेब. काय वाचायचं ते बाईनं सांगायचं." ती बसली नाही. "वाचा ना, अहो."

बाबांनी चष्मा लावला. भरभर ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटायला लागले.

"असं नाय. तुम्ही मला शिकवलं तसं वाचा. बोट ठेवून."

 बाबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता ते पुस्तक भिरकावतील. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. मुलगा सतरंजीची दशी ओढत होता. मग बाबांनी उजव्या हाताचं बोट पानावर ठेवलं. बॉयलरच्या वाफेनं जागोजागी भाजलेलं ते जाड बोट. आणि ते वाचायला लागले, एकेक शब्द, पोराला शिकवतात तसं. पिण्यात. जे. शूर. तिथं त्यांचा आवाज फाटला. त्यांनी परत सुरुवात केली. परत तिथंच अडकले. बोट त्या शब्दाखालून पुढं सरकेना.

"आता माझी साक्ष," आई म्हणाली. ती बाबांकडे बघत नव्हती, सगळ्यांकडे बघत होती. "मी नळावर कधीच पडले नाय. मोरीत पण नाय पडले. मी मंडळीला खोटं सांगत आले, देवानं मला माफ करावं. हे कडी लावल्यावर पडत्यात. मी खाली असते."

एवढंच. ती खाली बसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

बाबांच्या चेहऱ्यावरचं तेव्हाचं मला सांगता येत नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचं पाणी तापवून देणं, इतक्या वर्षांचं "कशी गं पडलीस", ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होतं. त्यांनी आईच्या खांद्याकडे बघितलं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मुलाची आई. तिनं मान वर केलेली नव्हती. लांब बाह्या मनगटापर्यंत ओढत ती म्हणाली, "आमच्याकडं मी जिन्यावरून पडते, बाई."

मुलगा ताडकन उठला. "आई!" तो म्हणाला. मग त्याला कळलं की घरात सगळेजण त्याच्याकडे बघताहेत, आणि तो तसाच उभा राहिला. तो शुद्धीत होता आणि त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी मी सुटले होते. हे दोन्ही खरं आहे.

शब्द कुणी काढला नाही. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली, तिच्यात कुणाचंच नाव नव्हतं. चहा झाला, तो कुणी धड प्यायलं नाही. मुलाकडची निघाली. पाहुण्यांना चाळीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायची पद्धत. मुलाच्या आईनं जाताना आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  मुलगा पुढं निघून गेला होता.

बाबा नवापूरला जायचे लगेच थांबले असं मी सांगणार नाही, कारण ते तसं झालं नाही. सोडणं पुढं कितीतरी वर्षं चाललं. पडत, उठत. पण चपला घालताना सांगायच्या त्या गोष्टी त्या दिवसापासून संपल्या. कुणी विषय काढला तर ते "नको" म्हणायचे आणि निघून जायचे. माझं लग्न दोन वर्षांनी झालं, दुसऱ्याच एका मुलाशी. त्या मुलाला कुणी नवापूरला नेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. पाहुणे कोपऱ्यापर्यंत पोचले होते आणि बाबा अजून पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. आई म्हणाली, "अहो, पाहुण्यांना पोचवायला जा." ते उठले. पुस्तक फळीवर ठेवलं. दाराकडे चालत आले आणि उंबऱ्यात त्यांचा पाय अडखळला. उधन्याच्या चाळीतला उंबरा तो, बोटभर उंचीचा, जन्मभर ओलांडलेला. धप्प असा आवाज झाला आणि बाबा अर्धे आत, अर्धे बाहेर पडले. सगळ्या चाळीनं बघितलं. त्यांनी त्या दिवशी थेंबसुद्धा घेतलेला नव्हता.

ताई कोपऱ्याकडे बघत होती. आवाज ऐकून, मागं न वळताच, सवयीनं तिनं विचारलं, "कोन पडनं वं माय?"

आईनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी खालून बाबांचा आवाज आला.

"मी पडलो, ताई," ते म्हणाले. "मीच पडतो."